संगणक अडून बसतो तेव्हा



आमचे पिंपळगाव बसवंत हे निफाड तालुक्यातले, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव. गावाचे नाव निघाले की लोकांना कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे आठवतात. परंतु आज मी बोलणार आहे ते शेतमालाविषयी नव्हे. शाळेच्या कचेरीत, विकास सोसायटीत, आडत्याच्या गाळ्यावर आणि आता पुष्कळ बागायतदारांच्या घरीही जो संगणक येऊन बसला आहे, त्याच्या एका खोडीविषयी मला सांगायचे आहे.

काल संध्याकाळी नीट बंद केलेला संगणक आज सकाळी चालू करावा, आणि नेहमीच्या चित्राऐवजी पडद्यावर निळे किंवा काळे पान यावे. त्यावर इंग्रजीत चार ओळी असाव्यात आणि यंत्राने पुढे पाऊलच टाकू नये. अशा वेळी आपण म्हणतो, "मशीन गेलं." माझे म्हणणे असे की, पुष्कळदा मशीन गेलेले नसते, ते अडून बसलेले असते. बैल आजारी पडणे निराळे आणि अनोळखी माणसाने कासरा धरला म्हणून अडणे निराळे. औषध दोघांना एकच दिले तर काय होईल, ते तुम्हांला सांगायला नको.

आमच्या भागातल्या एका शाळेची हकीकत सांगतो. फेब्रुवारीचा महिना होता. दहावीच्या तोंडी परीक्षेचे आणि प्रात्यक्षिकांचे गुण कचेरीतल्या संगणकावर मांडून ठेवले होते. मागील कित्येक वर्षांचे दाखले आणि पगाराचे कागद त्याच यंत्रात. सकाळी भाऊसाहेबांनी बटण दाबले तो निळे पान आले. त्यावर अठ्ठेचाळीस आकडे भरण्यासाठी रिकाम्या जागा! भाऊसाहेब घाबरून मुख्याध्यापक बाईंकडे गेले.

"मॅडम, मशीन गेलं. काही तरी आकडे मागतंय."

"कसले आकडे? आपण तर कधी असला पासवर्ड दिला नाही."

बाजारातून दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावले. त्याने एक नजर टाकली आणि म्हणाला, "बाई, फॉरमॅट मारावं लागेल. अर्ध्या तासात नवं करून देतो."

फॉरमॅट मारणे म्हणजे तबकडीवरचे सगळे पुसून नव्याने मांडणी करणे. यंत्र अर्ध्या तासात नवे होईल हे खरे. पण गुण, दाखले, कागद यांचे काय? बाईंनी मला निरोप धाडला, कारण मी जवळच्याच शाळेत मुलांना संगणक शिकवतो. मी जाऊन एकच प्रश्न विचारला, "भाऊसाहेब, काल या मशीनला कोणी हात लावला होता का?" त्याचे उत्तर काय मिळाले ते पुढे सांगतो. आधी हे यंत्र जागे कसे होते ते पाहू, म्हणजे त्या प्रश्नाचे मर्म ध्यानात येईल.

आपण बटण दाबतो तेव्हा विंडोज लगेच उठून बसत नाही. प्रथम उठतो तो यंत्राच्या मुख्य पाटीवर कायमचा बसवलेला एक लहानसा कार्यक्रम. पूर्वी त्याला बायोस म्हणत. आता त्याची जागा यूईएफआय नावाच्या नव्या पद्धतीने घेतली आहे, तरी बोलण्यात अजून बायोसच राहिले आहे. हा पहाटे सर्वांआधी उठणारा रखवालदार समजा. तो वीज, स्मृती आणि तबकडी जागेवर आहेत ना ते पाहतो. मग तबकडीवरच्या आरंभकाला, म्हणजे बूट लोडरला, हाक मारतो. आरंभक विंडोजला किंवा लिनक्सला उठवतो. म्हणजे एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला उठवायचे, अशी ही साखळी आहे.

पूर्वी रखवालदार येईल त्याला आत सोडीत असे. चोरांनी याचा फायदा घेतला. विषाणू लिहिणाऱ्यांनी आपला कार्यक्रम थेट आरंभकाच्या जागी नेऊन बसवला. विंडोजच्या आधीच चोर उठून बसल्यावर विंडोजच्या आतला पहारेकरी काय करणार? म्हणून सिक्युअर बूट नावाची तजवीज निघाली. २०१२ साली विंडोज ८ आले, तेव्हापासून नव्या यंत्रांत ती सर्रास येऊ लागली.

द्राक्ष निर्यात करणाऱ्यांना ही तजवीज चटकन समजेल. युरोपला माल पाठवायचा तर बागेची नोंदणी करावी लागते, प्लॉटला क्रमांक मिळतो, काढणीपूर्वी नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि या सगळ्याची नोंद अपेडाच्या ग्रेपनेटवर असते. ही पद्धत २००६ पासून चालू आहे. पेटीवरचा क्रमांक नोंदीशी जुळला नाही तर द्राक्षे साखरेसारखी गोड असली तरी माल पुढे जात नाही. तपासणारा चव पाहत नाही, कागद पाहतो. सिक्युअर बूटही तसेच आहे. आरंभकावर विश्वासू संस्थेची सही आहे की नाही एवढेच ते पाहते. सही नसेल, किंवा ती नामंजूर यादीत गेली असेल, तर कार्यक्रम कितीही चांगला असला तरी तो दारातच थांबतो.

दुसरी तजवीज टीपीएम नावाच्या एका लहान चकतीची. काही यंत्रांत ती निराळी बसवलेली असते, काहींत मुख्य चकतीतच सामावलेली असते. साखळीतला प्रत्येक जण उठताना ती त्याच्या ठशाची नोंद घेते. तबकडीवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणारी विंडोजची व्यवस्था म्हणजे बिटलॉकर. त्या कुलपाची किल्ली ही चकती आपल्यापाशी ठेवते. रोज सकाळी ठसे जुळले की ती गुपचूप किल्ली काढून देते आणि आपल्याला कुलूप आहे हे कळतही नाही. ठसे जुळले नाहीत की ती हात आखडता घेते. मग यंत्र मालकाला विचारते, "तुमच्याजवळची जादा किल्ली दाखवा." ही जादा किल्ली म्हणजेच ते अठ्ठेचाळीस आकडे.

आता शाळेकडे वळू. भाऊसाहेब म्हणाले, "काल एक ओळखीचा दादा आला होता. पेनड्राइव्ह लावून मशीन फास्ट करून देतो म्हणाला. पण जमलं नाही, तसाच गेला." त्या मुलाचा पेनड्राइव्ह बिनसहीचा होता. तो चालावा म्हणून त्याने यूईएफआयच्या पानावर जाऊन सिक्युअर बूट बंद केले, आणि जाताना ते पुन्हा चालू करायचे विसरला. रात्रीत यंत्र बिघडले नव्हते. ठसा बदलला होता. आम्ही त्या पानावर गेलो, सिक्युअर बूट पूर्ववत चालू केले, बदल जतन करून यंत्र पुन्हा सुरू केले. नेहमीचे चित्र आले. आकडे मागितलेच नाहीत. भाऊसाहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी आधी गुणांची फाईल उघडून पाहिली.

यातला धडा साधा आहे. यंत्र अडले की प्रथम विचारावे, "शेवटचा बदल कोणता?" तो बदल उलटा फिरवावा, आणि एका वेळी एकच. पाच ठिकाणी पाच बदल केले की कोणता लागू पडला आणि कोणता नडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आता पडद्यावर नेहमी दिसणारी चार पाने सांगतो. शिक्षक मित्रांनी ही वहीत टिपून घ्यावीत.

पहिले पान निळे. त्यावर बिटलॉकर रिकव्हरी असे शब्द आणि अठ्ठेचाळीस आकड्यांची मागणी. हे शाळेत आले तेच. सिक्युअर बूटमधला बदल, टीपीएम बंद होणे, बायोसची नवी आवृत्ती चढवणे, मुख्य पाटी बदलणे, ही त्याची नेहमीची कारणे. आधी यंत्राला लागलेला पेनड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करून पाहावे. नंतर शेवटचा बदल परतवावा. तेवढ्याने भागले नाही तर आकडे शोधावेत. कोठे, ते पुढे येतेच.

दुसरे पान सिक्युअर बूट व्हायोलेशन किंवा इनव्हॅलिड सिग्नेचर असे शब्द दाखवते. म्हणजे आरंभकाची सही पटली नाही. येथेही पेनड्राइव्ह किंवा जुनी सीडी लागलेली आहे का ते आधी पाहावे. पुष्कळदा यंत्र भलत्याच वस्तूपासून उठू पाहत असते. यंत्रात लिनक्स असेल तर संशय त्याच्या जुन्या आरंभकावर घ्यावा.

तिसरे पान काळे असते. त्यावर नो बूटेबल डिव्हाइस, म्हणजे उठवण्याजोगे काही सापडत नाही, अशी तक्रार. हे पाहून लोक तबकडी जळाली असे समजतात. तबकडी खरोखर गेली असेल तर हेच पान येते, हे खरे. पण आणखी एक कारण असते. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम आणि सिक्युअर बूटची सोय असलेले यंत्र लागते. म्हणून पुष्कळांनी जुन्या यंत्रांत ही बटणे दाबून पाहिली. काही नवे खेळही सिक्युअर बूट मागतात, तेव्हा घरची मुलेही हे उद्योग करतात. जुन्या यंत्रातले विंडोज कित्येकदा जुन्या बायोस पद्धतीने मांडलेले असते. जुनी पद्धत बंद केली की रखवालदाराला ती मांडणी ओळखताच येत नाही. उपाय असा की, लीगसी किंवा सीएसएम नावाची जुनी पद्धत पुन्हा चालू करावी. जुनी मांडणी न पुसता नव्या पद्धतीत बदलता येते, तसे साधन विंडोजमध्येच आहे. पण ते काम जाणत्याकडून आणि सर्व मजकुराची प्रत काढून घेतल्यावरच करवावे.

चौथे पान निळेच, पण त्यावर इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस असे असते. याचे एक कारण असे की, तबकडीशी बोलण्याची रीत कोणी बदललेली असते किंवा ती आपोआप बदललेली असते. आपोआप कशी? तर मुख्य पाटीवर एक रुपयाएवढी बटणबॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. वीज नसताना यंत्राचे घड्याळ तीच चालवते, आणि पुष्कळ जुन्या यंत्रांत आपण निवडलेल्या गोष्टीही तीच सांभाळते. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर पिन काढून ठेवली आणि बॅटरी संपली, की यंत्र कारखान्यातल्या मूळ निवडीवर जाते. तारीख दहा वर्षे मागे गेलेली दिसली की ही बॅटरी संपली असे समजावे. ती बदलावी, तारीख लावावी आणि जुन्या निवडी परत भराव्यात. पण त्या आठवणार कोणाला? म्हणून यंत्र धड असतानाच त्या पानांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. दहा मिनिटांचे काम आहे.

त्या पानावर जायचे कसे, हे यंत्राच्या बनावटीवर अवलंबून असते. बटण दाबताच एफ-टू, डिलीट, एस्केप किंवा एफ-टेन यांपैकी एखादी कळ पुन्हा पुन्हा दाबावी लागते. तेथे गेल्यावर एका नावापासून मात्र दूर राहावे. ते नाव क्लिअर टीपीएम. तसा प्रश्न यंत्राने आपणहून विचारला तरी नाही म्हणावे. ती चकती पुसली म्हणजे तिच्याजवळची किल्ली गेली. मग जादा किल्लीखेरीज दार उघडत नाही.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही काहीच हात लावला नाही, तरी मशीन अडलं. त्याचं काय?" प्रश्न रास्त आहे. बदल कधी कधी बाहेरूनही येतो. २०१० साली आपल्या द्राक्षांवर काय प्रसंग आला होता तो जुन्या बागायतदारांना आठवत असेल. सीसीसी या वाढनियंत्रक औषधाचा अंश सापडल्यामुळे युरोपात आपला माल अडला. तोवर आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते औषध नव्हते. पुढे ते यादीत आले. बाग तीच, माणसे तीच, पण यादी बदलली.

संगणकाच्या जगातही नामंजुरीची यादी अधूनमधून वाढते. २०२० च्या जुलैत लिनक्सच्या ग्रब नावाच्या आरंभकात एक भोक सापडले. त्याला बूटहोल असे नाव पडले. सहीचा, मान्यता पावलेला कार्यक्रम. पण त्याच्यातून चोराला वाट होती. ते भोक बुजवण्याच्या गडबडीत रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची काही यंत्रेच उठेनाशी झाली आणि दुरुस्तीची दुरुस्ती करावी लागली. १३ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजबरोबर अशीच एक नामंजुरीची यादी पाठवली. ज्यांच्या यंत्रात विंडोजच्या शेजारी लिनक्सही होते, त्यांतल्या पुष्कळांचे लिनक्स अडले. पडद्यावर सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन आणि काही तरी फारच बिनसले आहे अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. कंपनीने याचा कायमचा उपाय २०२५ च्या मे महिन्यात दिला. तोवर तोडगा असा होता की, सिक्युअर बूट थोडा वेळ बंद करावे, लिनक्समध्ये शिरून ती यादी काढावी किंवा आरंभक नवा करावा, आणि सिक्युअर बूट पुन्हा चालू करावे. त्याच यंत्रातल्या विंडोजला बिटलॉकर असेल तर बटणाला हात लावण्यापूर्वी आकडे हाताशी हवेत.

आणखी एक तारीख सांगून ठेवतो. सिक्युअर बूटच्या सह्या पारखण्यासाठी २०११ साली जी मूळ प्रमाणपत्रे दिली गेली, त्यांची मुदत २०२६ च्या जूनपासून संपू लागते. त्यांच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रे येतात. मुदत संपली म्हणून यंत्रे दुसऱ्या दिवशी बंद पडतात असे नव्हे. पण नवी प्रमाणपत्रे न घेतलेल्या यंत्राला आरंभाच्या पुढच्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत. तेव्हा विंडोजच्या सुधारणा आणि यंत्र बनवणाऱ्याने दिलेली बायोसची आवृत्ती घेत जावी. बायोस बदलताना वीज जाऊ नये म्हणून यूपीएस असावा, लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला असावा, आणि आधी बिटलॉकरमध्ये सस्पेंड प्रोटेक्शन हे बटण दाबावे. त्याने कुलूप निघत नाही; रखवालदाराला तेवढ्यापुरते सांगितले जाते की आज घरात काम चालू आहे, चेहरे बदललेले दिसतील. काम झाल्यावर पहारा पुन्हा चालू झाला ना, ते पाहून घ्यावे.

सुरक्षेनेच दार अडवल्याचे सर्वांत मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ चे. त्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षण-कार्यक्रमाची एक सदोष फाईल जगभर गेली आणि विंडोजची यंत्रे उठता उठता पडू लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे अशी सुमारे ८५ लाख यंत्रे होती. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, बंगळूर येथील विमानतळांवर रांगा लागल्या आणि प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. उपाय तसा लहान होता. यंत्र सेफ मोडमध्ये उठवून ती एक फाईल काढून टाकायची. पण पुष्कळ यंत्रांवर बिटलॉकर होते. तेथे आत शिरण्यासाठी प्रत्येक यंत्राचे निराळे अठ्ठेचाळीस आकडे लागत होते. ज्यांनी ते नीट जपले होते त्यांचे काम पुढे सरकले, आणि ज्यांचे आकडे ज्या यंत्रात ठेवले होते तेच यंत्र अडले, त्यांची पंचाईत झाली. तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवण्याचा हा प्रकार!

येथे मला एका बागायतदार मित्राची गोष्ट सांगितली पाहिजे. सांगताना बरे वाटत नाही. फवारण्यांची नोंद, मजुरांचा हिशेब आणि मुलीच्या लग्नाची छायाचित्रे, सगळे त्यांच्या लॅपटॉपवर होते. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने स्वतःच मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून दिले. त्या खात्याला जो मोबाइल क्रमांक जोडला तो पुढे बंद झाला, पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. लॅपटॉपची मुख्य पाटी बदलावी लागली आणि निळे पान आले.

ते मला म्हणाले, "गुरुजी, पैसे किती लागतील ते लागू द्या, पण कोणी तरी उघडून देईल ना?"

मला नाही म्हणावे लागले. त्या किल्लीच्या शक्यतांची संख्या एकोणचाळीस आकडी भरते. एकेक करून पाहू म्हटले तर आपलाच काय, आपल्या नातवंडांचाही जन्म पुरणार नाही. लॅपटॉप बनवणारी कंपनी किंवा मायक्रोसॉफ्टही ती किल्ली नव्याने करून देऊ शकत नाही. जतन केलेली असेल तरच मिळते. शेवटी तबकडी पुसावी लागली. त्यांच्या यंत्रात कोणतीही मोडतोड नव्हती. कुलूप चोख होते, दार चोख होते. फक्त किल्ली कोठे आहे ते घरच्या मालकाला कोणी सांगितले नव्हते.

या गोष्टीवरून कोणी असे म्हणू नये की कुलूपच नको. शाळेच्या संगणकात मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक असतात. लॅपटॉप एसटीत विसरला किंवा चोरीला गेला, तर ते कुलूपच आपली अब्रू राखते. कुलूप हवेच. मात्र त्याची किल्ली मालकाच्या हाती हवी. आणि नव्या यंत्रांत हे कुलूप पुष्कळदा आपल्याला न विचारता लागते. विशेषतः २०२४ च्या अखेरीस आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून, नव्या मांडणीत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की ते बहुधा आपोआप लागते. "आम्ही कुठं कुलूप लावलं?" असे म्हणून चालत नाही.

तर आज घरी किंवा कचेरीत गेल्यावर एवढे करावे. संगणकाच्या शोधपट्टीत इंग्रजीत बिटलॉकर असे लिहावे. तेथे बॅक अप रिकव्हरी की असा पर्याय दिसला तर आकडे छापून घ्यावेत किंवा पेनड्राइव्हवर उतरवावेत. घरगुती विंडोजमध्ये सेटिंग्जच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहावे. चालू असेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर आपल्या खात्यात शिरून आकडे पाहता येतात. संस्थेने दिलेल्या खात्याने यंत्र मांडले असेल तर किल्ली संस्थेच्या व्यवस्थापकाकडे असते. निळ्या पानावर किल्लीची एक ओळख छापलेली असते. तिची पहिली आठ अक्षरे कागदावरच्या ओळखीशी जुळतात का ते पाहावे, म्हणजे एका यंत्राची किल्ली दुसऱ्याला लावत बसण्याची वेळ येत नाही.

गणित शिकवणाऱ्या मित्रांसाठी एक गंमत सांगतो. हे अठ्ठेचाळीस आकडे सहा-सहांच्या आठ गटांत असतात, आणि प्रत्येक गटाला अकराने निःशेष भाग जातो. उदाहरणार्थ १३५७९५ ही संख्या घ्या. एकाआड एक अंकांची बेरीज करा. एक, पाच आणि नऊ मिळून पंधरा. तीन, सात आणि पाच मिळूनही पंधरा. फरक शून्य, म्हणून अकराने भाग जातो. एखादा अंक चुकला तर हा हिशेब बिघडतो आणि यंत्र तो गट घेत नाही. आकडे हाताने लिहून घेतले असतील तर ते बरोबर उतरले की नाही, हे वर्गातल्या मुलांना कळू न देता तुम्हीच या कसोटीने ताडून पाहू शकता.

लिहिलेला कागद संगणकाला चिकटवून ठेवू नये. उंबऱ्यावर किल्ली टांगल्यासारखे ते होईल. शाळेत तो मुख्याध्यापकांच्या कपाटात, जडवस्तू नोंदवहीबरोबर ठेवावा. बदली झाली की पदभार देताना तोही द्यावा. घरी जमिनीचे उतारे ठेवता तेथे ठेवावा. फोनवर कोणी गोड बोलून हे आकडे विचारले तर सांगू नयेत, मग तो स्वतःला कोणत्याही कंपनीचा म्हणवो. आणि मजकुराची एक प्रत निराळ्या तबकडीवर असू द्यावी, कारण तबकडी खरोखरच जळाली तर अठ्ठेचाळीस आकडेही काही करू शकत नाहीत.

आमच्या भागातल्या त्या शाळेत पुढे काय झाले? त्याच दिवशी दुपारी बाईंनी कचेरीतल्या चारही संगणकांचे आकडे छापून घेतले. पाकिटावर भाऊसाहेबांनी सुवाच्य अक्षरांत यंत्राचा क्रमांक आणि तारीख घातली. फॉरमॅट मारायला आलेला तो मुलगा हे सगळे पाहत उभा होता. जाताना मला म्हणाला, "सर, आता मी आधी विचारीन, काल कोणी हात लावला होता का." मला वाटते, आमच्या भागातल्या पुष्कळ लोकांचा मजकूर त्या एका वाक्याने वाचला असेल.

श्रोतेहो, यंत्र अडले तर घाबरू नका. पडद्यावरचे पान वाचा, त्याचे छायाचित्र काढा, शेवटचा बदल आठवा, तेवढाच परतवा. पुसण्याची घाई कोणालाही करू देऊ नका. आणि किल्लीचा कागद मात्र आजच करून ठेवा. नमस्कार.